गळे सहा, स्टेपन्या दोन

सहकुटुंब, सवाद्य, उपासनेची गाणी गात अलास्काला जायचं ठरवलं असेल, तर अभिनंदन. आता नकाशा जमिनीवर पसरा, टेबलावर तो मावणार नाही. अलास्का महामार्ग कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डॉसन क्रीक गावी सुरू होतो आणि अलास्कातल्या डेल्टा जंक्शनला संपतो. मधलं अंतर सुमारे २,२३० किलोमीटर. टेनेसीतल्या नॅशव्हिलकडून निघणाऱ्या कुटुंबाला वाटतं, आपला प्रवास डॉसन क्रीकला सुरू होतो. वास्तविक तिथल्या शून्य मैलाच्या खांबापाशी फोटो काढेपर्यंत गाडी चारेक हजार किलोमीटर चाललेली असते, मुलं एकमेकांशी बोलेनाशी झालेली असतात आणि सलोख्यावरचं गाणं कोणी म्हणायचं यावरून दोन भांडणं होऊन गेलेली असतात.

ही मार्गदर्शिका अशा नवशिक्यांसाठी आहे. हिच्यात सुरांविषयी थोडं आणि टायरांविषयी पुष्कळ आहे. याबद्दल तक्रार असेल तर खुशाल करा, पण जाऊन आल्यावर.

कुटुंबाची निवड

कुटुंब निवडता येत नाही. जे आहे त्यातच चार आवाज बसवायचे असतात. अमेरिकेच्या दक्षिणेत अशी गाणारी घराणी गेली शंभर वर्षं आहेत. स्पीअर कुटुंब १९२१ पासून गात होतं आणि त्यांच्या आईवडिलांना श्रोतेसुद्धा मॉम आणि डॅडच म्हणत. भावंडांचे आवाज एकमेकांत चटकन मिसळतात याचं एक कारण साधं आहे: एकाच घरात बोलायला शिकल्यामुळे सगळ्यांचे स्वर-उच्चार एकसारखे पडतात. याच कारणामुळे त्यांची भांडणंही एका पट्टीत होतात.

सर्वसाधारण वाटणी अशी करावी. वडील खर्जात गातील, गाडी चालवतील आणि दोन गाण्यांच्या मधे साक्ष देतील. साक्ष पाच मिनिटांची ठरलेली असते. ती वीस मिनिटांची होते, हे गृहीत धरून कार्यक्रम आखावा. आई आल्टो गाईल आणि उरलेलं सगळं करेल. थोरलीकडे पियानो, मधलीकडे फिडल, शेंडेफळाकडे खंजिरी. खंजिरीवाल्याला ताल नसला तरी चालतो, कारण म्हाताऱ्या बायका त्याच्याकडेच बघत असतात. राहिला सोळा वर्षांचा मुलगा. त्याला यायचंच नव्हतं. त्याला ड्रम द्या आणि टायर बदलायला शिकवा. प्रवासाच्या अखेरीस कुटुंबात सर्वांत उपयोगी माणूस तोच ठरतो आणि हे त्याच्याही लक्षात आलेलं असतं.

गाडी

गाणाऱ्या मंडळींनी बसने फिरावं हा प्रघात एका अपघातानंतर पडला. ब्लॅकवुड ब्रदर्स हे गॉस्पेल गाणारं नामांकित चौकडं स्वतःच्या विमानाने फिरत असे. ३० जून १९५४ रोजी अलाबामातल्या क्लँटन इथे ते विमान कोसळलं आणि चौघांपैकी दोघे गेले. त्यांच्या जागी आलेल्या गायकांत जे. डी. समनर होते. पुढच्याच वर्षी या मंडळींनी एक बस घेऊन ती आतून राहण्याजोगी करून घेतली. आज संगीतातले मोठमोठे लोक ज्या आलिशान बसमधून फिरतात, तिची पूर्वज ही.

तुमची बस आलिशान नसेल, आणि नसलेलीच बरी. उत्तरेतल्या रस्त्यावर गाडी जितकी लांब, तितके तिचे हाल जास्त. स्टेपन्या दोन घ्या. एक पुरते असं म्हणणारा माणूस डेम्प्स्टर महामार्गावर गेलेला नाही. हा रस्ता कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीजवळून निघून उत्तर ध्रुववृत्त ओलांडतो आणि इनुविकपर्यंत ७३० हून अधिक किलोमीटर जातो. जवळजवळ सगळा खडीचा. त्या खडीतला पाटीचा दगड टायर सफाईने कापतो. सुरुवातीपासून ईगल प्लेन्सपर्यंत, म्हणजे ३६९ किलोमीटर, पेट्रोल मिळत नाही. टाकी अर्धी झाली की भरा, हा उत्तरेतला नियम तिथे पाळायलासुद्धा पंप सापडत नाही.

(डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं आहेत. त्यांच्यामधे दोन-तीन दिवसांचा प्रवास आहे. पाळकसाहेबांना "आम्ही डॉसनला पोचलो" असा निरोप देण्याआधी एकदा पाटी वाचा.)

'द माइलपोस्ट' नावाचं पुस्तक १९४९ पासून निघतं. रस्त्यावरचा प्रत्येक पंप, पूल, कचरापेटी आणि वळण त्यात मैलागणिक नोंदलेलं असतं. ते विकत घ्या. फोनवर विसंबू नका, शेकडो किलोमीटर त्याला रेंज नसते. मैलांचं मात्र जरा गौडबंगाल आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या भीतीने अमेरिकी लष्कराने हा रस्ता १९४२ साली आठेक महिन्यांत पुरा केला. दहा हजारांवर सैनिक त्यासाठी राबले. त्यांच्यातले सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. त्यांतल्याच एका पलटणीने सिकानी चीफ नदीवरचा लाकडी पूल चार दिवसांच्या आत उभा केला. पुढे वळणं काढून रस्ता सरळ होत गेला, अंतर घटलं, पण जुने मैलांचे आकडे लोकांच्या तोंडी आणि पत्त्यांत तसेच राहिले. त्यामुळे 'मैल १०१६' वरचं चर्च खऱ्या हजार-सोळाव्या मैलावर शोधू नये. ते आधीच मागे गेलेलं असतं.

वाद्यं

वाद्यांना ऊन, थंडी, धूळ आणि धक्के असा चौरस आहार मिळतो. युकॉनमधल्या डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक या टप्प्यात रस्त्याखालची कायमची गोठलेली जमीन वितळते, पुन्हा गोठते, फुगते आणि रस्ता लाटांचा होतो. डिस्ट्रक्शन बे हे नाव तुमच्या अँप्लिफायरला उद्देशून ठेवलेलं नाही, पण तसं वाटण्याइतकी परिस्थिती निर्माण होते. ट्रेलरमधलं सगळं पट्ट्यांनी आवळा. कोरड्या हवेत फिडलच्या खुंट्या सरकतात, गिटारचं लाकूड आकसतं. पेटीत ओलाव्याची पुडी ठेवा आणि दर मुक्कामी सूर लावून घ्या.

याहून महत्त्वाची सूचना डासांची. डास पळवायच्या मलमांत जे डीट असतं, ते गिटारच्या लॅकरला खातं आणि प्लॅस्टिकही विरघळवतं. आधी मलम चोळून मग गिटार उचलणाऱ्याच्या हाताचा ठसा वाद्यावर कायमचा राहतो. तेव्हा हात धुवा, मग वाजवा. न धुता वाजवायचं असेल तर दुसऱ्याची गिटार घ्या.

उघड्यावर गाताना तोंड किती उघडावं हाही प्रश्न आहे. संगीतशिक्षक सांगतात, 'आ' मोकळा लावा. जूनमध्ये युकॉनच्या तळ्याकाठी मोकळा 'आ' लावणाऱ्याला डासांचा चांगलाच अनुभव येतो. लांब स्वरांची गाणी देवळाच्या आत म्हणावीत. बाहेर जलद लयीची, किंवा सरळ ओठ मिटून गुणगुणण्याची.

अस्वलांच्या बाबतीत तुमची कला थेट कामी येते. रानातून चालताना बोलत, गात, टाळ्या वाजवत जावं, म्हणजे अस्वल अचानक समोर येत नाही, असं तिथले वनरक्षकच सांगतात. गाणं ऐकून उठून जाणारा आणि तरीही गायकाला आनंद देणारा श्रोता जगात एवढा एकच. तरी अस्वलांवर मारायचा फवारा जवळ ठेवा. कॅनडाच्या हद्दीत शिरताना त्या डब्यावर तो प्राण्यांसाठी आहे असं छापलेलं असलं पाहिजे. माणसांवर मारायचा फवारा तिथे बेकायदा आहे. सीमेवर विक्रीच्या सीडी किती आणि फुकट वाटायच्या किती, हेही विचारतील. उत्तर कुटुंबातल्या एकानेच द्यावं. धाकट्याने देऊ नये.

वेळ

युकॉनने २०२० पासून घड्याळं पुढेमागे करणं सोडलं. अलास्काने सोडलेलं नाही. म्हणून बीव्हर क्रीक ओलांडून अलास्कात शिरलात की उन्हाळ्यात घड्याळ एक तास मागे जातं, हिवाळ्यात दोन. जाताना तुम्ही चर्चला तासभर आधी पोचता आणि खुर्च्या मांडायचं काम अंगावर येतं. येताना तासभर उशिरा पोचता आणि खुर्च्या आवरायच्या उरलेल्या असतात. दोन्हीकडे खुर्च्या चुकत नाहीत.

उजेडाचं वेगळंच. २१ जूनच्या सुमारास अलास्कातल्या फेअरबँक्सला सूर्य जवळपास बावीस तास मावळत नाही. तिथे १९०६ पासून याच सुमाराला रात्री दहानंतर बेसबॉलचा सामना सुरू होतो आणि दिवे लावत नाहीत. मुलांना 'अंधार पडला की झोपायचं' अशी सवय लावली असेल तर ती घरीच ठेवा. खिडक्यांना आतून स्वयंपाकघरातला चंदेरी कागद चिकटवा. रात्री साडेनऊचा कार्यक्रम कोणी सुचवला तर नाही म्हणू नका, लोक शेतातली आणि नदीवरची कामं आटपून तेव्हाच येतात.

मुक्काम

वॉटसन लेक गावी एक पाट्यांचं रान आहे. १९४२ साली इलिनॉयमधल्या डॅनव्हिलचा कार्ल लिंडली हा सैनिक इथे होता. घरची आठवण येत होती, म्हणून दिशादर्शक खांब दुरुस्त करताना त्याने आपल्या गावाची पाटीही ठोकली. नंतर येणाऱ्याजाणाऱ्यांनी आपापल्या गावच्या ठोकल्या, आता हजारो झाल्या आहेत. कुटुंबाच्या नावाची पाटी घरून रंगवून न्या. आपल्या गावची सरकारी पाटी उपटून नेऊ नका. तिथल्या कित्येक पाट्या पाहून हा सल्ला पूर्वी फारसा पाळला गेला नाही असं दिसतं.

त्याआधी लियार्ड नदीवरचे गरम झरे येतील. दलदलीवरून लाकडी पायवाट जाते, झाडांमधे वाफाळलेलं पाणी. इथे थांबा. सेवाकार्याला उशीर होईल म्हणून पुढे जाणाऱ्या वडिलांचं घरातलं वजन इथे जे उतरतं ते परत चढत नाही.

मंडळी

आता कार्यक्रम. उत्तरेतली काही चर्चं पाहण्यासारखी आहेत. हेन्स जंक्शनचं १९५४ चं आणि बीव्हर क्रीकचं १९६१ चं, दोन्ही कॅथलिक, महामार्ग बांधणाऱ्या लष्कराने मागे टाकलेल्या अर्धगोल पत्र्याच्या शेडींतून केलेली. इनुविकचं चर्च गोल, पांढरं, बर्फाच्या घरासारखं. तुम्हाला बोलावणारी मंडळी बहुधा याहून साधी असेल. लाकडी ओंडक्यांची खोली, एक शेगडी, चौदा-पंधरा माणसं आणि एक कुत्रा. आठ माइक आणि चार स्पीकर लावाल तर तिथला जनरेटर दुसऱ्या कडव्यात बसेल. नुसत्या गळ्याने गा. खोलीत तेवढंच मावतं.

श्रोते टाळ्या वाजवणार नाहीत. घाबरू नका. ते हलणारही नाहीत. कार्यक्रम पडला असं वाटून नवशिका गायक आवाज वाढवतो. तसं करू नका. शेवटी कोणी तरी म्हातारा उठून म्हणेल, "बरं झालं आलात." एवढ्यावर पुढचे सहाशे किलोमीटर निघतात.

यानंतर प्रीतिभोजन. मूसचं मांस, धुरावलेला सामन, रानबेरीचा जॅम, आणि त्या शेजारी हटकून दुकानातल्या पुड्याची मॅकरोनी. सगळं घ्या. पाळकसाहेबांच्या बायकोने दोनदा विचारलं तर तिसऱ्यांदा विचारायला लावू नका. उत्तरेत खाण्याला कधीच कमी लेखलेलं नाही. युकॉनचे अँग्लिकन बिशप आयझॅक स्ट्रिंगर १९०९ साली फोर्ट मॅकफर्सनहून डॉसन सिटीकडे येताना डोंगरात वाट चुकले आणि शेवटी त्यांनी सीलच्या कातड्याचे बूट उकडून, भाजून खाल्ले. 'बूट खाणारे बिशप' म्हणूनच ते प्रसिद्ध झाले. तेव्हा मॅकरोनीला नाक मुरडू नये.

अर्पणाची थाळी फिरेल. तीत पेट्रोलपुरते पैसे निघाले तर देवाचे आभार माना. कधी नोटांऐवजी सरपण मिळतं, कधी सामनचे डबे. ते सीमेवर जाहीर करायला विसरू नका.

इथवर गंमत. पुढचं थोडं तसंच, सरळ सांगायचं आहे.

तुम्ही देवाची गाणी घेऊन एका मुक्या रानात चाललात अशी समजूत असेल तर ती डॉसन क्रीकला सोडा. अलास्कातल्या फोर्ट युकॉनला हडसन्स बे कंपनीचे व्यापारी १८४७ मध्ये आले, त्यांच्याबरोबर फिडल आलं. तिथल्या ग्विचिन मूळनिवाशांनी ते आपलं केलं आणि त्यांची फिडलची परंपरा आजही जिवंत आहे. फेअरबँक्सला १९८३ पासून त्यांचा महोत्सव भरतो. अँग्लिकन मिशनरी रॉबर्ट मॅकडॉनल्ड यांनी, ज्यांची स्वतःची आई ओजिब्वे या मूळनिवासी जमातीतली होती, उपासनेची गीतं आणि सगळं बायबल ग्विचिनमध्ये आणलं. ते बायबल १८९८ साली छापून झालं. म्हणजे तुम्ही ज्या म्हातारीला नवी चाल शिकवायला जाल, तिची आजी तीच चाल आपल्या भाषेत, बहुधा तुमच्या आजीहून बरी गात होती. मराठी ख्रिस्ती वाचकाला हे नवल वाटायला नको. ना. वा. टिळकांची भजनं 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून रविवारी म्हणताना परदेशी सुरावर आपलंच शब्दधन चढल्याचं किंवा आपल्याच चालीत ख्रिस्त आल्याचं, दोन्ही प्रकार आपण अनुभवतो. कॅनडातलं एखादं मराठी कुटुंब पेटी घेऊन या रस्त्याने निघालंच, तर त्याने ती भजनं अवश्य म्हणावीत. अनुवाद मागितला तर द्यावा, न मागितला तर देऊ नये.

आणि आणखी एक. वॉटसन लेकजवळ लोअर पोस्ट नावाची जागा आहे. १९५१ ते १९७५ तिथे कॅथलिक निवासी शाळा होती. कारक्रॉसला अँग्लिकन चर्चची होती. अशा शाळांत कॅनडाभरातून सुमारे दीड लाख मूळनिवासी मुलं आईबापांपासून तोडून ठेवली गेली, त्यांना आपली भाषा बोलायला मनाई होती. लोअर पोस्टची इमारत तिथल्या लोकांनी मागणी केल्यावर २०२१ मध्ये पाडली. त्या वर्गांतही उपासनेची गाणी म्हणवून घेतली जात. तुमच्या समोर बसलेल्या म्हाताऱ्यांत त्या शाळेतली कोणी असेल, आणि एखादी चाल सुरू झाली की तिचा चेहरा बंद होईल. तुमच्या गाण्यात दोष नाही. पण ते गाणं तिथे आधी कोणी आणि कसं शिकवलं हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून पोचल्यावर आधी तिथल्या वडीलमंडळींना विचारा: आज काय म्हणावं, काय नको? ते सांगतील. नाही सांगितलं तर पहिलं गाणं त्यांच्या तोंडून ऐका. उत्तरेत सेवा करायला निघालेल्या माणसाने कार्यक्रमाचा अर्धा वेळ ऐकण्यासाठी मोकळा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. मुलांना याचं कारण गाडीतच सांगा.

निरोप

आईवडिलांच्या आईवडिलांना काळजी असते. फोन लागत नाही, तेव्हा रेडिओ आहे. अलास्कात नॉर्थ पोल नावाचं गाव आहे. खरा उत्तर ध्रुव तिथून खूप लांब. या गावात १९६७ पासून केजेएनपी हे ख्रिस्ती रेडिओ केंद्र आहे. 'किंग जीझस नॉर्थ पोल' याची ती आद्याक्षरं. रानात एकटे राहणाऱ्यांसाठी ते 'ट्रॅपलाइन चॅटर' नावाच्या कार्यक्रमात घरच्यांचे निरोप वाचून दाखवतात: अमक्याला मुलगी झाली, तमक्याचं पीठ विमानाने पाठवलं. या केंद्रावर तुमचं गाणं लागलं तर उत्तम. नाही लागलं तरी गाडीत हा कार्यक्रम लावून ठेवा. संपूर्ण उत्तरेतलं सगळ्यात चांगलं सेवाकार्य कदाचित या चार ओळींच्या निरोपांतच होत असेल.

परतीला बसच्या समोरच्या काचेला दोन-तीन तडे गेलेले असतील. खडीवरून समोरून ट्रक येताना वेग कमी करा आणि उजवीकडे सरका, हे तुम्हाला सगळे सांगतील आणि तरीही तडे जातील. तडा पसरू लागला तर गावात तो भरून घ्या. अख्खी काच मात्र घरी पोचल्यावरच बदला. वाटेत बदललेली काच पुढच्या ट्रकपर्यंतच टिकते.